ख्रिसमस ट्री दोघांनी मिळून सजवताय? मग या चुका टाळा

डिसेंबर लागला की नात्यातून, चर्चमधल्या ओळखीतून मला फोन सुरू होतात, "जरा झाड लावायला ये ना भो". गेलं की बघतो काय, झाड अर्धवट, दोघं दोन कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेले. एकाला सगळं पांढरं-सोनेरी पाहिजे, दुसऱ्याला लाल, हिरवं, निळं, चमकी, घंट्या, पोरांनी शाळेत केलेल्या कागदी चांदण्या, सगळंच पाहिजे. आता आवड वेगळी असणारच, त्यात भांडायसारखं काही नाही. पण कोणी काय ठरवायचं हे न बोलताच लोक गोळे लटकवायला घेतात, तिथं गाडी बिघडते.

दुसऱ्याने लावलेलं गुपचूप हलवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. धुळ्याला आमच्या नात्यातली एक मावशी, सून पुण्याची. मावशीने हौसेने तिच्या जुन्या चांदण्या, प्लास्टिकच्या घंट्या, जाडजूड चमकी असं सगळं समोरच्या फांद्यांवर लावलं. सूनबाई तेव्हा काही बोलली नाही. चोवीसच्या रात्री सगळे झोपल्यावर तिने ते एकेक काढून झाडाच्या मागे भिंतीकडे नेऊन टांगलं आणि पुढे आपले सोनेरी काचेचे गोळे लावले. सकाळी चर्चला निघायची घाई, मावशी हॉलमध्ये आली नि ओरडली, "मन्या चांदन्या कोठे गयात वं?" उत्तराची वाट न बघता तिने झाडाचा खालचा दांडा धरला आणि सरळ झाडच फिरवलं. प्लग बोर्डात तसाच होता. सिरीजची वायर ताणली गेली, तीन पायांचं ते हलकं प्लास्टिकचं स्टँड उचललं गेलं आणि सहा फुटी झाड शेजारच्या टेबलावर ठेवलेल्या करंज्यांच्या परातीत. काचेचे गोळे फुटले, फराळात काचा गेल्या, अख्खी परात फेकून द्यावी लागली. मी दुपारी पोचलो तर दोघी एकमेकींशी न बोलता झाडू मारत होत्या.

तेव्हापासून मी गेलो की आधी दोघांचे डबे वेगळे करतो. लायटी एकाने ठरवायच्या, गोळे नि बाकीचं दुसऱ्याने, पुढच्या वर्षी उलट. समोरच्याचं काही हलवायचं असेल तर त्यालाच हलवायला सांगायचं, तो नाही म्हटला तर विषय संपला. आणि झाड कोपऱ्यात चेपायचं नाही, भिंतीपासून हातभर पुढे घ्यायचं, म्हणजे 'मागची बाजू' म्हणून कोणाला शिक्षा होत नाही. काचेचे गोळे फराळाच्या आसपास नकोच.

लायटी शेवटी लावणं

नवशिके लोक रील बघून येतात आणि डायरेक्ट गोळ्यांना हात घालतात, मग लायटी आठवतात, मग सगळं उतरवा. आधी सिरीज जमिनीवर पसरून प्लग लावून बघा, एक तुकडा बंद असेल तर तो आत्ताच कळू दे. मग खोडापासून फांदीच्या टोकापर्यंत आणि परत आत असं गुंडाळत वर जायचं, नुसतं बाहेरून गोल गोल नाही. त्यानंतर चमकी, मग मोठे गोळे आत खोडाजवळ, छोटे टोकाला.

रंगीत लुकलुकणाऱ्या लायटी म्हणजे गावठी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, विजेचे दिवे लावलेलं पहिलं ख्रिसमस ट्री 1882 मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने केलं, त्यावर लाल, पांढरे आणि निळे मिळून 80 बल्ब होते आणि झाड विजेवर फिरायचंसुद्धा. तर मावशी काही चुकीची नव्हती, फक्त तिचं झाड हाताने फिरत होतं.

माझी तडजोड ठरलेली आहे: पिवळसर स्थिर सिरीज आत, रंगीत बाहेर, आणि दोन्हीला वेगळं बटण. स्वस्त सिरीजच्या डबीवर बहुतेक आठ मोड असतात, दाबत दाबत गेलं की शेवटच्यात लाईट स्थिर राहते. पण लाईट जाऊन आली की ती डबी बहुतेक वेळा पुन्हा पहिल्या मोडवर जाते आणि लुकलुक सुरू. आपल्याकडे लाईट जाणारच, तेव्हा "तूच बदललं ना" म्हणून एकमेकांवर धावून जाऊ नका.

कापसाचा बर्फ

आता खान्देशात कापूस काय विकत आणायचाय, कोणाच्या ना कोणाच्या घरात पडलेलाच असतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांना तो फांदीफांदीवर पाहिजेच असतो. इथे मी आवडनिवड ऐकत नाही. जुन्या बल्बच्या सिरीज चांगल्या तापतात, एलईडी कमी तापते पण हलक्या मालाचे जोड आणि अडॅप्टर गरम होतातच, आणि कापसाला पेटायला किती वेळ लागतो ते कापूसवाल्यांना मी काय सांगू. कापूस खाली येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीभोवती पसरा, वायरीपासून लांब. म्हातारीचाही मान राहतो. झोपायच्या आधी प्लग काढा, बटणावर भरवसा नको.

बाकी किरकोळ. डब्यातून काढलेलं झाड फांद्या न उघडताच सजवलं तर ते छत्रीसारखं मिटलेलंच दिसणार, अर्धा तास बसून एकेक फांदी सोडवा, आळस नको. पोरं सगळे गोळे एकाच फांदीवर टांगतात, टांगू द्या, तुमचे रिकाम्या जागी लावा. तयार सेट आणून भांडण मिटत नाही, आता दोघांनाही ते झाड आवडत नाही एवढंच. कुंडीतली मोरपंखी वापरत असाल तर दिवसा उजेडात ठेवा, अंधाऱ्या हॉलमध्ये ती सुकते. वरचा स्टार कोणी लावायचा यावर वाद झाला तर घरातल्या सगळ्यात लहानग्याला उचला.

झाड उतरवायचं आमच्याकडे 6 जानेवारीला, प्रकटीकरणाचा सण झाला की. त्या दिवशी मात्र कोणीच येत नाही मदतीला. तरी दोघांचं सामान ज्याच्या त्याच्या डब्यात नाव लिहून ठेवा आणि सिरीज पुठ्ठ्यावर गुंडाळा, नाहीतर पुढच्या डिसेंबरात गाठी सोडवायला परत मलाच फोन.