एकाच स्वयंपाकघरात ग्लुटेन वेगळं ठेवायची रंगीत पट्टी

सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराचं, निदान झाल्यावर गहू आणि बार्ली ताटातून काढता येतात, पण घरातल्या इतरांचं पीठ चमच्यातून, चाळणीतून येतच राहतं. मला खरा उपयोग झाला तो ठळक रंगाच्या चिकटपट्टीचा: पट्टी असलेली वस्तू फक्त ग्लुटेनमुक्त स्वयंपाकाची.

१. चाळणी, लाकडी चमचा, कापायचा लाकडी पाट आणि टोस्टर नवे घेऊन त्यांवर पट्टी लावा. यांच्या भेगांत, छिद्रांत अडकलेलं पीठ धुऊन निघेलच याची खात्री नसते. स्टीलची आणि काचेची भांडी मात्र साबणाने नीट घासली की चालतात, त्यांवर उगाच पैसे घालवू नका.

२. लोणी, जॅम यांची बरणी वेगळी. ब्रेडला लागलेली सुरी एकदा आत गेली, की ती बरणी तुमच्यासाठी संपली. उकळून किंवा भाजून ग्लुटेन जात नाही.

३. पट्टीच्या वस्तू सगळ्यात वरच्या फळीवर, म्हणजे त्यांवर पीठ सांडणार नाही.

४. आधी ग्लुटेनमुक्त स्वयंपाक, मग बाकीचा.

एक मात्र सांभाळा. आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करून घ्यायला हवी, पण ती होईपर्यंत त्यांनी गहू सोडू नये. आधीच सोडला तर आजार असूनही रक्ततपासणीत दिसत नाही, असं होऊ शकतं.