फेसबुकवर नवे आहात? सुरुवातीच्या या चुका टाळा

फेसबुकवर आलेला नवा माणूस सगळ्यात आधी गडबडतो तो जागेवरून. लिहायला चौकोन बरेच असतात: आपलं प्रोफाइल, दुसऱ्याच्या पोस्टखालची कमेंट, ग्रुप, खासगी निरोपांसाठीचा मेसेंजर. दिसायला सगळे सारखेच, पण कुठे लिहिलेलं कोण वाचणार हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. मग ‘मामा, ऑपरेशन कधी आहे?’ ही चौकशी मेसेंजरऐवजी मामांच्या फोटोखाली उमटते आणि त्यांचं सगळं मित्रमंडळ वाचतं. असं झालं तर कमेंट डिलीट करता येते. मात्र तोवर ज्यांना नोटिफिकेशन गेलं, त्यांनी ती पाहिलेली असू शकते.

पोस्ट लिहिताना आपल्या नावाखाली एक लहान बटण दिसतं. पृथ्वीचा गोल म्हणजे पब्लिक (कुणालाही दिसेल), माणसांच्या आकृत्या म्हणजे फ्रेंड्स (फक्त मित्रांना), कुलूप म्हणजे ओन्ली मी (फक्त तुम्हाला). एखाद्या पोस्टसाठी पब्लिक निवडलं आणि पुढच्या वेळी बटणाकडे पाहिलंच नाही, तर घरगुती फोटोही जगापुढे जाऊ शकतो. म्हणून ‘पोस्ट’ दाबण्याआधी नजर त्या चिन्हावर जायलाच हवी. आधीच बरंच काही पब्लिक झालं असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ वापरा. जुन्या पब्लिक पोस्ट एका झटक्यात फ्रेंड्सपुरत्या होतात. मात्र हे एकदम उलटवता येत नाही. नंतर प्रत्येक पोस्ट वेगळी बदलत बसावं लागतं.

कमेंटचं गणित वेगळं. ती कोणाला दिसावी हे तुम्ही नाही, मूळ पोस्ट टाकणारा ठरवतो. पोस्ट पब्लिक, तर तुमचा शेरासुद्धा पब्लिक. आणि त्याने उद्या सेटिंग बदललं, तर तुमची कमेंटही त्याच्या मागोमाग जाते. भांडण करायचंच असेल तर निदान हे माहीत असावं! टॅगिंगचंही, म्हणजे पोस्टमध्ये कुणाचं नाव जोडण्याचंही, तसंच. सेटिंग्जमधल्या ‘प्रोफाइल अँड टॅगिंग’मध्ये रिव्ह्यू चालू ठेवला, की दुसऱ्यांनी तुम्हाला टॅग केलेल्या पोस्ट तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या प्रोफाइलवर येत नाहीत. त्यांच्याकडे त्या दिसतच राहतात.

सुरुवातीच्या उत्साहात ‘पीपल यू मे नो’ या फेसबुकने सुचवलेल्या यादीतल्या प्रत्येकाला मैत्रीची रिक्वेस्ट पाठवू नका. थोड्या वेळात खूप रिक्वेस्ट गेल्या, किंवा बऱ्याच न स्वीकारता पडून राहिल्या, की रिक्वेस्ट पाठवणं काही काळ बंद होतं. यावर उपाय एकच, थांबणं. फोनमधले कॉन्टॅक्ट अपलोड करण्याची परवानगी दिली असेल, तर ती बंद करा आणि आधी चढलेले कॉन्टॅक्ट वेगळे काढून टाका. नुसतं बंद केल्याने ते जातातच असं नाही.

आधीच मित्र असलेल्याची पुन्हा रिक्वेस्ट आली, तर स्वीकारू नका. बहुतेक वेळा कुणीतरी त्याचा फोटो आणि नाव उचलून खोटं प्रोफाइल केलेलं असतं. मित्रांची यादी सगळ्यांना दिसत असली, की अशा भामट्यांना पुढची नावं आयती मिळतात. म्हणून ती ओन्ली मी करून टाका. आणि ओळखीच्या खात्यावरूनही ‘तुला आलेला कोड जरा पाठव’ असा मेसेज आला, तर कोड देऊ नका. तो तुमच्याच खात्यात शिरण्याचा कोड असू शकतो. टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू करा आणि त्यासोबत मिळणारे रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना वापरायचे राखीव कोड, कागदावर उतरवून ठेवा. ते फोनमध्येच ठेवले आणि फोन हरवला, तर खात्याचं दार बाहेरून बंद.

नाव टाकताना घाई नको. एकदा बदललेलं नाव पुढचे 60 दिवस बदलता येत नाही.

कंटाळून खातं बंद करायचं ठरवलं, तर डीअ‍ॅक्टिव्हेट म्हणजे फक्त लपवणं. मेसेंजर त्यानंतरही चालू ठेवता येतो. कायमचं डिलीट करण्याची विनंती दिल्यावर 30 दिवसांची मुदत असते. त्या काळात ‘कोणी काय लिहिलंय बघू’ म्हणून लॉगइन करून विनंती रद्द केली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून.