जुन्या जीप-पिकअपचे गंजलेले पाटे बदलताना या चुका टाळा

कोकणात मासळी वाहून दमलेल्या जुन्या महिंद्र पिकअप आता लोक हौसेने शोधून उभ्या करतात. रंग, सीट, टप यांवर पैसा ओततात, पण पाट्यांकडे, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या जुडग्यांकडे, लक्ष जातं ते गाडी एका अंगाला झुकल्यावरच. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून वर्षानुवर्षं मागच्या पाट्यांवर, शॅकलवर (पाट्याचं एक टोक धरणारा झुलता दुवा) आणि चासीवर (गाडीचा सांगाडा) ठिबकत आलेलं असतं, म्हणून अशा गाडीत पुढच्यापेक्षा मागची बाजू जास्त खाल्लेली सापडते. शिवाय वरवर दिसणारा गंज हा थोडाच. खरा गंज असतो दोन पाट्यांच्या मधे, बुशाच्या (पिनेभोवतीची नळी) आत आणि हँगरच्या (पाटा धरणारा चासीवरचा आधार) पाठीमागे.

गाडी आदळते, बदला शॉकअप

ही सगळ्यात महाग पडणारी घाई. पाट्याचं एक टोक चासीला पक्कं असतं, दुसरं शॅकलवर लटकतं. ओझं पडलं की पाट्याचा बाक कमी होऊन तो लांबतो आणि शॅकल झुलतं. पिन गंजून शॅकल अडकलं, तर पाट्याला लांबायला जागाच उरत नाही. मग कितीही भारी शॉकअप घाला, गाडी दगडासारखीच चालणार.

तपासणी फुकटात होते. गाडी सपाट जागेवर उभी करा, दोघांनी हौद्यावर जोर देऊन ती हलवा आणि तिसऱ्याने शॅकल पाहावं. ते हललंच नाही तर दोष पिन-बुशात. शॅकल हलतंय पण पाट्यांच्या मधून तांबडी भुकटी गळतेय, तर पाटे एकमेकांत गंजलेत. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पाट्यांच्या टोकांशी फट पडलेलीही दिसेल. गाडी तिरकी पळत असेल तर हँगरच्या पिनेपासून हाउसिंगपर्यंतचं (चाकांमधला आडवा अ‍ॅक्सल) अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. फरक आला तर बहुधा सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) तुटून हाउसिंग सरकलेलं आहे, आणि अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये.

पावसाआधी जळकं ऑइल

खालून जळकं ऑइल मारायची पद्धत जुनी आहे. लोखंडाला त्याने थोडंफार संरक्षण मिळतं, हे खरं. पण रबरी बुश त्याने फुगतात आणि लिबलिबीत होतात, ब्रेकच्या ड्रममध्ये गेलं तर ब्रेक लागत नाहीत, आणि वर धूळ बसून जो थर होतो त्याच्याआड भेगा दिसेनाशा होतात. गंजावर थेट काळा रंग मारणं तर त्याहून वाईट. विकायला काढलेल्या गाडीचा खालचा भाग नुकताच काळाभोर केलेला दिसला, की मी आधी टोचणीने लोखंड टोचून बघतो आणि मगच किंमत ऐकतो.

पाट्याला आग आणि अ‍ॅसिड

पाट्याचं पोलाद तापवून, तेलात विझवून, मग पुन्हा साधारण ४०० ते ५५० अंश सेल्सिअसला टेंपर केलेलं असतं. त्याची लवचीकता त्या कामातून येते. गॅस कटरने तो लाल केला, की ते काम तिथल्या तिथे पुसलं जातं: थंड होताना एक जागा मऊ राहते, शेजारची ठिसूळ. आपल्याकडे लोहार जुन्या पाट्याचा कोयता करतात तेव्हा तेही लाल करतात, पण नंतर धारेला पुन्हा पाणी देतात, म्हणजे तापवून विझवून ती कडक करतात. गॅरेजमधला माणूस पाणी देत नाही. म्हणून तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडू नका, गॅसने वाकवून बाक वाढवू नका. बाक बसलेला असेल तर पाटेवाल्याकडे न्या; चांगला कारागीर तो थंड असतानाच ठोकून घेतो किंवा भट्टीत पूर्ण प्रक्रिया करतो. पाटा खड्डे पडण्याइतका खाल्ला असेल तर त्यावर खर्च करू नका, कारण भेग त्या खड्ड्यातूनच सुरू होते.

अ‍ॅसिडचा धोका कमी जणांना ठाऊक असतो. गंज काढायला पाटे अ‍ॅसिडमध्ये बुडवले की निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो. पाटा चकचकीत निघतो आणि पुढे एक दिवस ओझ्याखाली काहीही इशारा न देता तुटतो. वायर ब्रश किंवा सँड ब्लास्टिंग वापरा.

सेंटर बोल्ट उघडण्याआधी पाट्यांचा जुडगा मजबूत शिकंज्यात धरा. पाटे दाबलेल्या अवस्थेत असतात. नट सुटला की ते उसळतात. गाडी चासीखाली घोड्यांवर (पक्क्या लोखंडी आधारांवर) हवी, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

अडकलेली पिन

विलिज या अमेरिकी जीप कंपनीकडून आलेल्या मूळ रचनेत यू आकाराची शॅकल आट्यांच्या बुशात फिरतात आणि त्यांतल्या काही बुशांचे आटे उलटे असतात. उलट्या आट्याच्या बुशाच्या डोक्याभोवती खाच असते. गंज खरवडून ती आधी शोधा, मग पान्याला पाइप लावा. नाहीतर सोडवतोय म्हणून आवळत बसाल. पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर थांबणं घणापेक्षा स्वस्त पडतं. तेवढ्याने नाही सुटलं तर ग्राइंडरने कापा. आग लावायचा मोह होतो, पण जुन्या जीपमध्ये इंधनाची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि ब्रेकचे पाइप चासीला धरून गेलेले असतात.

पिन निघाली की टोचणीने हँगर आणि त्यामागची चासी टोचून बघा. टोचणी आत गेली, तर नवा पाटा आणण्याआधी चासीचं काम. कुजलेल्या पत्र्यावर जाड पट्टी चिकटवून वेल्ड केली, तर ती पट्टी कुजक्या काठासकट सुटून येते. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापावंच लागतं.

बसवताना

पाटे जोडीने बदला. मात्र डावा-उजवा एकच समजू नका. काही जीपमध्ये पुढचे दोन पाटे मुळातच वेगळ्या ताकदीचे असतात, म्हणून जुन्यांची जाडी आणि संख्या लिहून ठेवा. पाटा हाउसिंगला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या. जुने ताणलेले असतात, आणि साधी सळई वाकवून केलेले तर नकोच. आवळताना तिरक्या क्रमाने, थोडे थोडे, आणि सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगवरच्या भोकात बसलंय का ते पाहून.

रबरी बुश असतील तर शॅकलचे नट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पक्के करा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ग्रीस निप्पलवाल्या बुशांना हा नियम लागू नाही, त्यांना फक्त वेळच्या वेळी ग्रीस हवं.

पुढच्या पाट्याखाली लोखंडी पाचर असेल तर काढण्याआधी तिची जाड बाजू कुठे आहे त्याची खूण करा. ती उलटी बसली, की स्टिअरिंग भटकायला लागतं आणि दोष स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सवर जातो. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर, हौद्यात थोडं ओझं टाकून, सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळा.