दारू सुटली, पण झोप येत नाही? या चुका टाळा

व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात दारू सोडून आठ-दहा दिवस झालेल्या माणसाच्या घरून हमखास फोन येतो: "ताई, हे रात्रभर तळमळतात, झोपेचं काहीतरी सांगा ना." मला काळजी या 'काहीतरी'ची वाटते, कारण ते बहुतेक वेळा घरातच पडलेलं असतं.

सगळ्यांत घातक चूक म्हणजे दुसऱ्याची झोपेची गोळी घेणं. लालबागच्या चाळीतले एक दादा तिसऱ्या आठवड्यात होते. मेहुण्याने स्वतःच्या आईच्या पट्टीतल्या अल्प्राझोलमच्या गोळ्या आणून दिल्या. पहिल्या रात्री गाढ झोप लागली, सगळं घर खूश. मग अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. काही आठवड्यांनी पट्टी संपली आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय द्यायला नकार दिला. योग्यच केलं त्याने, हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत येतं. पण दोन दिवसांत दादांना पहाटे फिट आली. वहिनींना वाटलं, पुन्हा प्यायले.

ते प्यायले नव्हते. मेंदूला शांत करणाऱ्या ज्या यंत्रणेवर दारू काम करते, तिच्यावरच या गोळ्याही करतात. म्हणून सवय पटकन लागते आणि गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. रोज घेत असाल तर आज रात्रीपासून बंद करू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ते मात्रा हळूहळू उतरवतील. दारू सोडताना हॉस्पिटलमध्ये मोजून देतात त्या औषधांची गोष्ट वेगळी, ती सांगितल्याप्रमाणेच पूर्ण करायची. मी घरच्यांना एकच सांगते: घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि खोकल्याची औषधं एका डब्यात घाला, कुलूप लावा, किल्ली वहिनींकडे.

"झोपेपुरता एक पेग" हा सल्ला देणाऱ्याला मी घराबाहेर बसवते. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.

दुसरी चूक साधी दिसते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. रात्र वाईट गेली की माणूस संध्याकाळी लोकलमध्ये खिडकीला डोकं टेकून दादर ते डोंबिवली झोपतो, घरी आल्यावर नऊलाच आडवा होतो आणि अकराला टक्क जागा. मग घड्याळ बघत पडून राहतो. परतीच्या गाडीत उभं राहा, हे मी हट्टाने सांगते. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ तीच ठेवा, रविवारीसुद्धा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठा. एका खोलीत पाच माणसं झोपलेली असतात, उठून जाणार कुठे, हे मला कळतं. गॅलरीत पाट टाकून बसा, पाय धुवा, जप करा किंवा भाजी निवडा, मात्र मोबाइल आतच राहू द्या. डोळे जड झाले की परत या. दोन रात्रींत "ताई, काही होत नाही" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: किमान तीन आठवडे करा, मग बोलू. वर्षानुवर्षं दारूवर झोपलेल्या शरीराला कित्येक आठवडे, कधी कधी महिनेही लागतात.

दुपारनंतरची कटिंग बंद. रात्री तंबाखूचा बार लावून पडू नका, निकोटीन जागं ठेवतं.

दारू प्यायल्याचं स्वप्न पडलं, घामाघूम होऊन जाग आली, तर ती घसरण नव्हे. व्यसनमुक्ती गटाच्या मीटिंगमध्ये सांगून टाका.

जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, गोळी देण्याआधी त्यांना ते कळायला हवं. आणि दारूचा इतिहास लपवू नका. लाजेपोटी लपवला की चुकीची गोळी हातात पडते.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू थांबवल्यावर पहिल्या काही दिवसांत हात थरथरत असतील, नसलेलं दिसत असेल, बडबड किंवा फिट असेल, तर तो झोपेचा प्रश्न नाही. केईएम, नायर, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत ताबडतोब न्या. झोपेविना जीव नकोसा वाटू लागला तर सकाळची वाट पाहू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीतही बोलता येतं.