डीबग चालू, पण लॉग गायब

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्रा व्यापाऱ्यांसाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर चालवतो, त्याच्या सगळ्या सर्व्हिस (छोटे स्वतंत्र भाग) डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक आपापल्या वेगळ्या कप्प्यात, कंटेनरमध्ये. मृग बहाराच्या आवकीत एक पायथन सर्व्हिस बिलं अडकवू लागली. डीबग (चूक शोधायला जास्तीच्या नोंदी लिहिणं) चालू केलं, तरी या नोंदी, म्हणजे लॉग, दाखवणारी 'डॉकर लॉग्ज' कमांड रिकामीच. बऱ्याच वेळाने ढीगभर ओळी एकदम यायच्या.

त्या एकदम येण्यातच धागा सापडला. डीबगच्या ओळी साध्या प्रिंटने लिहिलेल्या होत्या. समोर टर्मिनल नसलं की पायथन हे आउटपुट बफर (मेमरीतला तात्पुरता साठा) भरेपर्यंत धरून ठेवतो; कंटेनर मध्येच मेला तर शेवटच्या, नेमक्या कामाच्या ओळी जातात. कंटेनरची सेटिंग्ज असलेल्या कंपोज फाइलमध्ये, हे धरून ठेवणं बंद करणाऱ्या 'पायथनअनबफर्ड' व्हेरिएबलला 1 दिलं, ओळी लगेच वाहू लागल्या.

मग डिस्कची काळजी. लॉग फाइलमध्ये साठवणाऱ्या डॉकरच्या जेसन-फाइल ड्रायव्हरला मुळात आकाराची मर्यादा नसते, डीबगमध्ये तो डिस्क भरून टाकतो. प्रत्येक लॉग फाइलचा कमाल आकार 10 एमबी, फाइली 3 ठेवल्या. ही मर्यादा लागू व्हायला नुसतं रीस्टार्ट पुरत नाही बरं का, कंटेनर नव्याने तयार करावा लागतो.

प्रत्येक बिलाचा रिक्वेस्ट आयडी (त्या बिलाची ओळख पटवणारा क्रमांक) सगळ्या सर्व्हिसच्या लॉगमध्ये टाकला, तेव्हा दिसलं: भाव देणाऱ्या सर्व्हिसच्या कॉलला टाइमआउटच (उत्तराची वाट पाहण्याची वेळमर्यादा) नव्हता. तो लावला, बिलं सुटली.