सुपरचार्जरसाठी मॅनिफोल्ड कापताय? आधी वेल्डिंगचा विचार करा

इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनाच्या सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या भागाचा) वरचा भाग कापून तिथे सुपरचार्जरची (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंपाची) बैठक प्लेट वेल्ड करायची, हे ऐकायला सोपं वाटतं. खरी गोम उष्णतेत आहे. ॲल्युमिनियम तापलं की वाकतं. म्हणून टिग (टंगस्टन इलेक्ट्रोडने, निष्क्रिय वायूच्या आवरणात होणारं) वेल्डिंग करताना मॅनिफोल्ड जुन्या, निकामी सिलिंडर हेडवर किंवा जाड पोलादी प्लेटवर बोल्टने घट्ट आवळून ठेवा, थोडं थोडं आणि जागा बदलत वेल्ड करा, आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय बोल्ट सैल करू नका. तरीही हेडकडची आणि सुपरचार्जरकडची अशा दोन्ही बैठका सपाट आहेत का, ते सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. बहुतेक वेळा त्या मशीनवर हलक्या हाताने घासून सपाट कराव्याच लागतात. ओतीव ॲल्युमिनियममध्ये मुरलेलं तेल वेल्डमध्ये बारीक छिद्रं पाडतं, तेव्हा आधीची सफाई मनापासून करा. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डच्या वाटेला जाऊच नका.

बसवण्याआधी मॅनिफोल्डची सगळी तोंडं बंद करून आत थोडी दाबाची हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. क्रँककेसकडून (इंजिनाच्या खालच्या, क्रँकशाफ्टच्या कप्प्यातून) मॅनिफोल्डकडे येणाऱ्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह हवा, नाहीतर बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा वाढीव दाब, थेट क्रँककेसमध्ये शिरतो. धातूचा कीस मात्र शेवटचा कणही आत राहता कामा नये.