रंगीत अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या जाती कशा ओळखाव्यात

निळी, हिरवी किंवा गडद चॉकलेटी अंडी देणारी कोंबडी पाळायची असेल, तर पिल्लांच्या खोक्यावरचे नाव वाचून भागत नाही. अमेरिकेतील अनेक हॅचऱ्या ‘अमेरिकाना’ किंवा ‘अमेरॉकाना’ म्हणून जी पिल्ले विकतात, ती बहुतेक वेळा ‘ईस्टर एगर’ नावाची संकरित पिल्ले असतात. निळी अंडी देणारी ‘अराउकाना’ ही जात तर ब्रिटनमध्ये एका रूपाची आणि अमेरिकेत दुसऱ्याच रूपाची असते. म्हणून आधी अंड्याचे कवच, मग डोके, शेपटी आणि पाय, या क्रमाने पारख करावी. पिसांचा रंग सर्वांत शेवटी पाहावा, कारण एकाच जातीत तो अनेक प्रकारचा असू शकतो.

अंडे फोडल्यावर रिकाम्या कवचाच्या आतला पातळ पापुद्रा नखाने सोलावा आणि उघडी पडलेली बाजू दिवसाच्या उजेडात पाहावी. निळा रंग बिलिव्हर्डिन या द्रव्याचा असतो आणि कवच तयार होत असताना तो त्यात मिसळत जातो, त्यामुळे असे कवच आतूनही निळे दिसते. तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिनचा असतो. तो मुख्यतः शेवटच्या काही तासांत वरच्या थरावर बसतो, म्हणून तपकिरी अंडे आतून पांढरेच राहते. हिरवे अंडे म्हणजे निळ्या कवचावर चढलेला तपकिरी थर. ते आतून निळेच निघते. या एका तपासणीतून कोंबडीच्या अंगी निळ्या अंड्याचे जनुक आहे की नाही, हे निश्चित कळते. गडद चॉकलेटी अंडी देणाऱ्या मारान्स जातीचे ताजे अंडे ओल्या बोटाने घासले, तर गडद थर थोडा निघून येतो. तेवढ्यावरून ते रंगवलेले आहे असे समजू नये. तलंगेची, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबडीची, पहिली अंडी सहसा सर्वांत गडद असतात आणि पुढे हंगामभर रंग उतरत जातो, म्हणून एकाच अंड्यावरून निर्णय घेणे योग्य नाही.

निळ्या अंड्यांच्या जातींत खरा गोंधळ होतो तो अराउकाना आणि अमेरॉकाना यांच्यात. दोन्हींचे मूळ चिलीतील मापुचे लोकांच्या कोंबड्यांकडे जाते, दोन्हींचा तुरा वाटाणा तुरा म्हणजे तीन बुटक्या ओळींचा असतो आणि दोन्हींच्या चेहऱ्यावर पिसांचे झुबके दिसतात. मात्र हे झुबके कोठून उगवले आहेत, ते बोटांनी पिसे बाजूला सारून पाहावे. अराउकानाचा झुबका कानाजवळच्या कातडीच्या लहानशा लोंबीतून बाहेरच्या दिशेला निघतो. कधी तो एकाच बाजूला असतो, तर कधी दोन्ही बाजूंचे झुबके सारखे नसतात. अमेरॉकानाचे कल्ले गालावर, डोळ्याखाली भरगच्च असतात आणि हनुवटीखालच्या दाढीला जाऊन मिळतात. कानाच्या झुबक्याचे जनुक आई आणि वडील दोघांकडून आले, तर पिल्लू कवचातच मरते. त्यामुळे शुद्ध अराउकानांतही काहींना झुबके नसतात आणि केवळ त्या कारणाने त्यांना संकरित ठरवणे चूक आहे.

अशा वेळी शेपटीकडे वळावे. अमेरिकन मानकातील, म्हणजे जातीच्या तेथे ठरवलेल्या लक्षणांनुसारच्या, अराउकानाला शेपटीचे हाडच नसते. पाठीवरून हात मागे नेला की पाठ गोलाकार उतरून संपते. अमेरॉकानाला पूर्ण शेपटी असते. ब्रिटनमधील नेहमीच्या अराउकानाला मात्र शेपटी, दाढी, कल्ले आणि डोक्यावर पिसांचा तुराही असतो, म्हणून तेथे राहणाऱ्या वाचकांनी अमेरिकन चित्रांवरून आपली कोंबडी पारखू नये.

ईस्टर एगरला दाढी, कल्ले आणि वाटाणा तुरा असू शकतो, म्हणून ती अमेरॉकानाच वाटते. येथे कोंबडी उचलून तळपाय पाहावेत. अमेरॉकानाच्या मानकात नडग्या पाटीसारख्या करड्या आणि तळवे पांढरे असतात. हिरवट नडग्या आणि पिवळे तळवे दिसले, तर गडद रंगद्रव्यावर पिवळी कातडी आलेली आहे, म्हणजेच ती शुद्ध अमेरॉकाना नाही. ईस्टर एगर वाईट कोंबडी नव्हे; ती बहुधा काटक असते आणि नियमित अंडी देते. पण तिच्या लेकी कोणत्या रंगाची अंडी देतील, याची खात्री कोणी देऊ नये.

वाटाणा तुऱ्याचे जनुक आणि निळ्या अंड्याचे जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी जवळ असतात. त्यामुळे अमेरॉकानाच्या संकरांत वाटाणा तुऱ्याच्या तलंगा बहुतेक वेळा निळी किंवा हिरवी अंडी देतात आणि एकेरी तुऱ्याच्या बहुतेक वेळा देत नाहीत. ही खूण त्या वंशापुरतीच खरी आहे. आपल्याकडच्या असीलचा तुराही वाटाणा तुराच असतो, तरी ती निळे अंडे देत नाही. उलट क्रीम लेगबारचा तुरा एकेरी, करवतीच्या दात्यांसारखा, आणि अंडे निळे. केंब्रिजमध्ये पनेट आणि पीज या जनुकशास्त्रज्ञांनी तयार केलेल्या या जातीच्या डोक्यावर पिसांचा झुबका असतो. तिची नर-मादी पिल्ले पहिल्याच दिवशी ओळखता येतात: मादीच्या पाठीवर ठळक गडद पट्टे, तर नराच्या डोक्यावर फिकट ठिपका.

गडद तपकिरी अंड्यांच्या जाती त्या मानाने सोप्या आहेत. फ्रेंच मारान्सच्या नडग्यांच्या बाहेरच्या बाजूला विरळ पिसे असतात. नेदरलँड्सच्या वेल्समरचे पाय पिवळे आणि बिनपिसांचे असतात व अंड्यांवर बऱ्याचदा गडद ठिपके असतात. त्याच देशातील बार्नेव्हेल्डर कोंबडीच्या प्रत्येक पिसावर दुहेरी काळी किनार ओळखू येते. कानाची पाळी पांढरी असेल तर अंडे पांढरे, हा प्रचलित आडाखा येथे सोडून द्यावा. कॅटलोनियाच्या पेनेदेसेंकाची पाळी पांढरी असूनही तिचे अंडे अतिशय गडद असते.

महाराष्ट्रात अंड्याच्या रंगाचा प्रश्न बहुधा कडकनाथच्या निमित्ताने येतो. झाबुआच्या या कोंबडीची कातडी, मांस आणि हाडेही काळपट असतात, पण अंडे मात्र फिकट बदामी किंवा दुधाळ रंगाचे असते. काळ्या कवचाचे अंडे कोणतीही कोंबडी देत नाही, म्हणून कडकनाथचे म्हणून काळे अंडे कोणी उबवणीसाठी देऊ केले, तर ते घेऊ नये.